स्लॅबच्या मालात एक बादली जास्त पाणी पडलं तर काय होतं? घराच्या भिंतीत लपलेल्या छिद्रांची गोष्ट

स्लॅब पडतोय. मिक्सर घरघरतोय, घमेली या हातातून त्या हातात जातायत, ऊन चढायला लागलंय. तेवढ्यात वरून आवाज येतो, "माल घट्ट आहे, पाणी सोड थोडं!" खालचा माणूस एक बादली मिक्सरमध्ये ओततो. माल सैल होतो, पटापट पसरतो, काम वेळेत उरकतं. घरमालकही खूश, कारण स्लॅब कसा गुळगुळीत दिसतोय.

ही एक बादली पुढची तीस-चाळीस वर्षं त्या घरात राहते. पाणी म्हणून नव्हे, तर छिद्रं म्हणून.

घर बांधताना आपण सिमेंट कोणत्या कंपनीचं, सळई किती जाडीची, वीट कुठल्या भट्टीची याची खूप चौकशी करतो. पण दगड असो, वीट असो, लाकूड असो की काँक्रीट, त्याच्या आत किती पोकळी आहे यावर त्याचे बहुतेक गुण ठरतात. वजन, मजबुती, ओल, उन्हाळ्यातला उकाडा, सळईला लागणारा गंज या सगळ्यांचा धागा शेवटी या छिद्रांशी जाऊन मिळतो. तो धागा एकदा हाती लागला की बांधकामातल्या कित्येक गोष्टी आपोआप कळायला लागतात.

चला तर मग, एकेक गुण समजून घेऊया.

वजन: आत किती पोकळी आहे याचा पहिला पुरावा

कोणत्याही मालाचा एक घनमीटरचा ठोकळा घेतला, तर त्याचं वजन साधारण असं भरतं :

- पोलादी सळई : ७,८५० किलो
- काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट : २,८०० ते ३,००० किलो
- आरसीसी, म्हणजे सळईसकट काँक्रीट : सुमारे २,५०० किलो
- भाजलेली वीट : १,६०० ते १,९०० किलो
- सागवान : सुमारे ६५० किलो
- एएसी ब्लॉक, ज्याला आपल्याकडे सर्रास सिपोरेक्स म्हणतात : ५५० ते ६५० किलो

पाण्याचं वजन घनमीटरला १,००० किलो असतं. म्हणजे एएसी ब्लॉक पाण्यावर तरंगू शकतो.

आता गंमत बघा. एएसी ब्लॉक वाळू किंवा फ्लाय अ‍ॅश, सिमेंट आणि चुना यांपासून बनतो. यातला कुठलाच कण पाण्यापेक्षा हलका नाही. मग ब्लॉक हलका कसा? त्याच्या मिश्रणात थोडी अ‍ॅल्युमिनियमची पूड घालतात. तिची चुन्याशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि इडलीचं पीठ फुगावं तसं मिश्रण फुगतं. मग ते कापून दाबाखालच्या वाफेत पक्कं करतात. तयार ब्लॉकमध्ये जवळपास तीन चतुर्थांश भाग निव्वळ पोकळी असते.

लाकडाचंही तसंच आहे. लाकडाच्या पेशींची भिंत पाण्याच्या दीडपट जड असते. तरीही सागाचं लाकूड पाण्यापेक्षा हलकं भरतं, कारण त्याचा निम्म्याहून जास्त भाग रिकामा असतो.

वजनाचा संबंध फक्त मजुराच्या खांद्याशी नाही. भूकंपात इमारतीवर येणारा धक्का तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली हजारो माणसं गेली. तिथल्या घरांच्या भिंती दगडाच्या आणि चांगल्या जाडजूड होत्या. पण दगड सांधले होते मातीने, आणि डोक्यावर होतं मातीच्या जाड थराचं धाबं. दगड एकेकटा मजबूत होता. भिंत मात्र मजबूत नव्हती, कारण तिला एकत्र धरून ठेवणारा सांधा कच्चा होता आणि छताचं ओझं प्रचंड होतं. 'जड म्हणजे भक्कम' हा समज किती महाग पडू शकतो, हे त्या पहाटेने दाखवलं.

मजबुती: दाबाला एक, ताणाला दुसरी

"हा माल किती मजबूत आहे?" हा प्रश्न अर्धवट आहे. कशाला मजबूत? दाबायला की ओढायला?

काँक्रीटच्या ग्रेडमध्ये एम-२०, एम-२५ असे आकडे असतात. एम-२० याचा अर्थ १५ सेंटिमीटर बाजूचा काँक्रीटचा ठोकळा २८ दिवसांनी यंत्रात दाबला, तर त्याने प्रत्येक चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसला पाहिजे. म्हणजे त्या एवढ्याशा ठोकळ्यावर सुमारे ४५ टन भार! साध्या विटेची भारतीय मानकातली सर्वात खालची पायरी ३.५ न्यूटनची आहे. चांगला घट्ट बेसॉल्ट १०० न्यूटनच्याही पुढे जातो.

हे सगळं झालं दाबाचं. ओढायला गेलात तर हेच काँक्रीट फार लवकर हार मानतं. त्याची ताण सोसायची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच असते. कारण ताण पडला की आतली बारीक भेग किंवा छिद्र उघडत जातं आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावतं. दाब पडला तर तीच भेग उलट मिटते.

म्हणून बीम आणि स्लॅबमध्ये जिथे ताण येतो तिथे सळई घालतात. दोन आधारांवर ठेवलेला स्लॅब मधोमध खाली वाकू पाहतो, तेव्हा त्याचा तळ ताणला जातो. त्यामुळे तिथली मुख्य सळई तळाशी असते. बाल्कनीचा छज्जा एकाच बाजूने धरलेला असतो. तो पुढच्या टोकाला खाली झुकू पाहतो आणि त्याची वरची बाजू ताणली जाते, म्हणून तिथली मुख्य सळई वर हवी. काँक्रीट पडताना मजूर या जाळीवर चालून ती खाली दाबून टाकतात, तेव्हा छज्ज्याची ताकदच हरवते. सळई तेवढीच असते, पण चुकीच्या जागी.

सळई आणि काँक्रीट यांची जोडी जमते, यामागे आणखी एक नशिबाची गोष्ट आहे. ऊन लागलं की दोन्ही जवळपास सारखेच वाढतात. दहा मीटर लांबीचा स्लॅब तीस अंशांनी तापला तर साधारण तीन मिलिमीटर वाढतो, आणि आतली सळईही जवळपास तेवढीच. हे प्रमाण वेगवेगळं असतं, तर रोजच्या ऊन-सावलीनेच दोघं एकमेकांपासून सुटले असते.

एक बादली पाणी: हिशोब काय सांगतो?

आता सुरुवातीच्या बादलीकडे येऊ. एक गैरसमज आधी दूर करू. सिमेंट 'वाळून' घट्ट होत नाही. सिमेंट पाण्याशी रासायनिक प्रक्रिया करून घट्ट होतं. म्हणूनच ते पाण्याखालीही घट्ट होऊ शकतं.

या प्रक्रियेला किती पाणी लागतं? सिमेंटच्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी रासायनिकरीत्या बांधलं जातं. आणखी सुमारे १५ टक्के पाणी तयार होणाऱ्या जेलच्या अतिसूक्ष्म जागांत अडकतं. एकूण ३८ टक्के. म्हणजे ५० किलोच्या एका गोणीला १९ लिटर.

पण एवढ्याच पाण्यात माल नीट कालवता येत नाही, साच्यात बसत नाही. म्हणून थोडं जास्त घ्यावं लागतं. काँक्रीटसाठीचं भारतीय मानक आयएस ४५६ या जास्तीला मर्यादा घालतं. साध्या हवेतल्या आरसीसीसाठी पाणी सिमेंटच्या ५५ टक्क्यांपर्यंत चालतं, समुद्रकाठच्या बांधकामाला ४५ टक्क्यांपर्यंतच. म्हणजे किनाऱ्यावर एका गोणीला जास्तीत जास्त साडेबावीस लिटर. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही याच हिशोबात धरायचं असतं.

समजा कुणी गोणीला ३० लिटर पाणी ओतलं. सिमेंटला हवं होतं १९. उरलेल्या ११ लिटरना कामच नाही. काँक्रीट घट्ट होताना ते पाणी जागा अडवून बसतं आणि पुढे उन्हा-वाऱ्याने उडून जातं. जागा मात्र रिकामी राहते. म्हणजे एका गोणीमागे ११ लिटर पोकळी, तीही केसाहून बारीक आणि एकमेकींना जोडलेल्या नळ्यांच्या रूपात. पाणी ४५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेलं, तर काँक्रीटची ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटते. सिमेंट तेच, खडी तीच, सळई तीच, खर्चही तोच.

पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणावर काँक्रीटची ताकद ठरते, हा नियम अमेरिकेतल्या डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये मांडला. शंभर वर्षं उलटून गेली, तरी साइटवर सर्वात जास्त मोडला जाणारा नियम बहुधा हाच असेल.

मग माल घट्ट असेल तर करायचं काय? हल्ली पाणी न वाढवता माल सैल करणारी रसायनं मिळतात. त्यांना साइटवर अ‍ॅडमिक्सचर म्हणतात. ती ठरलेल्या मापातच वापरायची असतात. आणि व्हायब्रेटर नीट फिरवला, तर बऱ्यापैकी घट्ट मालही साच्यात व्यवस्थित बसतो.

व्हायब्रेटर का हवा, याचं उत्तरही छिद्रांतच आहे. काँक्रीटमध्ये हवेच्या पोकळ्या पाच टक्के राहिल्या, तर ताकद तीस टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. सेंट्रिंग काढल्यावर कॉलमच्या तळाशी खडी उघडी, मधाच्या पोळ्यासारखी दिसते, ती हीच अडकलेली हवा. तिच्यावर घाईघाईने गिलावा फिरवून झाकणं म्हणजे जखमेवर पावडर लावण्यासारखं आहे.

पाणी मारणं म्हणजे छिद्रं बुजवणं

इथे एक उलटापालट आहे. माल कालवताना जास्तीचं पाणी शत्रू असतं. माल घट्ट झाल्यावर तेच पाणी मित्र होतं.

सिमेंटची प्रक्रिया एका दिवसात संपत नाही. ती आठवडेच्या आठवडे चालू राहते. या काळात सिमेंटच्या कणांभोवती नवे पदार्थ तयार होतात, ते आधीच्या रिकाम्या जागांत शिरतात आणि त्या बुजवत जातात. पण त्यासाठी काँक्रीट ओलं राहायला हवं. पृष्ठभाग सुकला की तिथली प्रक्रिया थांबते आणि छिद्रं उघडीच राहतात. विशेषतः वरच्या काही सेंटिमीटरच्या थरात, म्हणजे सळईचं रक्षण ज्याने करायचं त्याच थरात.

आयएस ४५६ नुसार साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओलावा हवा. फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग मिसळलेलं सिमेंट असेल, किंवा हवा कोरडी आणि कडक असेल, तर किमान १० दिवस. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गोण्या मिश्र सिमेंटच्या असतात, म्हणजे दहा दिवस धरूनच चालावं. स्लॅबवर आळी करून पाणी साठवणं आणि कॉलमला ओली पोती गुंडाळणं या दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. सकाळ-संध्याकाळ पाइपने एकदा भिजवून जाणं पुरेसं नाही. मे महिन्यात तर ते पाणी तासाभरात उडून जातं.

वीट पाणी किती पिते?

कोरडी वीट पाण्यात टाकली की तिच्यातून बुडबुडे येतात. छिद्रांतली हवा बाहेर पडते आणि तिच्या जागी पाणी शिरतं. किती पाणी शिरलं हे मोजणं सोपं आहे. कोरड्या विटेचं वजन करायचं, ती २४ तास पाण्यात बुडवून ठेवायची, बाहेर काढून पुसायची आणि पुन्हा वजन करायचं. ३ किलोची वीट ३ किलो ४५० ग्रॅम भरली, तर तिने १५ टक्के पाणी प्यायलं.

भारतीय मानक आयएस १०७७ प्रमाणे साध्या विटेने २० टक्क्यांहून जास्त पाणी पिता कामा नये. जास्त मजबूत वर्गातल्या विटांना ही मर्यादा १५ टक्के आहे. प्रयोगशाळेत वीट आधी भट्टीत पूर्ण सुकवतात. घरी दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवली तरी ढोबळ अंदाज येतो. भट्टीत कच्ची राहिलेली वीट जास्त पाणी पिते. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की ती खणखणत नाही, बद्द आवाज देते. गवंड्यांची ही जुनी परीक्षा म्हणजे खरं तर आतल्या पोकळीचीच परीक्षा.

विटा लावण्याआधी भिजवतात, त्याचं कारणही हेच. कोरडी वीट सांध्यातल्या मालाचं पाणी शोषून घेते. मग सिमेंटला प्रक्रियेसाठी पाणीच उरत नाही आणि सांधा भुसभुशीत राहतो.

छिद्रं जितकी बारीक, तितकं पाणी त्यांतून वर चढतं. एक मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी आपोआप जेमतेम दीड सेंटिमीटर चढतं. नळी दहापट बारीक केली की तेच पाणी पंधरा सेंटिमीटर चढतं. विटांतली आणि गिलाव्यातली छिद्रं याहून कितीतरी बारीक असतात. म्हणूनच जमिनीतली ओल भिंतीत गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत चढते. येताना ती जमिनीतले क्षार घेऊन येते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक छिद्रांत वाढतात आणि रंगाचे पोपडे पाडतात. भिंतीला मीठ फुटलं म्हणतात ते हेच. यावर वरून कितीही भारी रंग लावला तरी उपयोग नसतो. उपाय खाली असतो. जोत्याच्या पातळीवर डीपीसीचा, म्हणजे ओल अडवणारा अखंड थर असेल, तर ही चढाई तिथेच थांबते.

कोकणचा चिरा आणि गोव्याचं एक चर्च

छिद्रांचा दगड बघायचा तर कोकणात जायला हवं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा इथली घरं आणि गडगे ज्या लालसर दगडाचे असतात, तो जांभा. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातले विरघळणारे घटक धुऊन नेले आणि मागे लोह व अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड उरले. जे धुऊन गेलं त्याच्या जागी पोकळ्या राहिल्या. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये मलबारातल्या अशाच दगडाला 'लॅटराइट' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. दगड विटेसारखा कापता येतो म्हणून हे नाव.

जांभ्याचा खास गुण असा की खाणीतून काढताना तो मऊ असतो, आणि उघड्या हवेत सुकत गेला की कठीण होतो. म्हणून ताजा चिरा लगेच भिंतीत न लावता काही काळ हवेवर ठेवण्याची पद्धत आहे. मानकात जांभ्याच्या चिऱ्याला ३.५ न्यूटनची किमान मजबुती आणि जास्तीत जास्त १२ टक्के पाणी शोषण्याची मर्यादा दिली आहे. बेसॉल्टच्या तुलनेत ही मजबुती फारच कमी आहे. तरीही एक-दोन मजली घराच्या जाड भिंतीला ती पुरते. चिरा जवळच मिळतो, सहज घडवता येतो, म्हणून कोकणाने तो पिढ्यानपिढ्या वापरला.

पण पाऊस थेट अंगावर घेत राहिला, तर जांभा झिजतो. जुन्या गोव्यातलं बॉम जेझुस चर्च याचं बोलकं उदाहरण आहे. १६०५ मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च जांभ्याचं आहे, आणि दर्शनी भागातल्या नक्षीसाठी वसईहून बेसॉल्ट आणला होता. मूळ भिंतींवर बाहेरून चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढून टाकला गेला आणि आतला लाल दगड उघडा पडला. आज पर्यटक त्याच लाल रूपाचे फोटो काढतात. पण गोव्याचा पावसाळा तेव्हापासून थेट दगडावर कोसळतोय आणि दगड झिजतोय. गिलावा पुन्हा करावा की नाही, यावर वाद चालू आहे. रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल मात्र पांढऱ्या गिलाव्यात उभं आहे.

चुन्याचा गिलावा दगडाला एका विशिष्ट प्रकारे सांभाळतो. तो पावसाचा मारा स्वतःवर घेतो, आणि आत शिरलेल्या ओलीला वाफ होऊन बाहेर पडायला वाटही देतो. जुन्या चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतीवर कडक सिमेंटचा गिलावा केला, तर ही वाट बरीचशी बंद होते. ओल आतच कोंडते आणि काही वर्षांनी गिलावा दगडाची साल घेऊनच सुटतो. जुनं घर दुरुस्त करताना म्हणूनच आधीचा गिलावा कशाचा होता, हे बघणं महत्त्वाचं.

छिद्रांचा फायदा: उकाड्याला अडसर

छिद्रं नेहमीच वाईट नसतात. स्थिर हवा उष्णता फार हळू पुढे नेते. त्यामुळे ज्या मालात बारीक बारीक बंद हवा जास्त, त्यातून उष्णता कमी येते. काँक्रीटमधून उष्णता विटेच्या साधारण दुप्पट वेगाने जाते आणि एएसी ब्लॉकच्या सात-आठपट वेगाने. पश्चिमेच्या भिंतीला एएसी ब्लॉक असला की खोलीत फरक जाणवतो, तो या कोंडलेल्या हवेमुळे.

पण एक अट आहे. भिंत कोरडी हवी. पाणी हवेच्या वीस-पंचवीसपट वेगाने उष्णता नेतं. छिद्रांत हवेऐवजी पाणी भरलं की उष्णता अडवण्याचा गुण ओसरतो. एएसी ब्लॉक पाणीही भरपूर पितो, म्हणून त्याच्यावर बाहेरून चांगला गिलावा आणि पाणी अडवणारा रंग हवाच.

लाकडातली छिद्रंही हवेतला दमटपणा ओढतात. पेशींच्या भिंती फुगतात आणि पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं. उन्हाळ्यात तेच दार पुन्हा सैल होतं. सुतार अडकलेलं दार ऐन पावसात फार तासू देत नाही, ते उगीच नाही.

छिद्रांची खरी किंमत: गंज

सगळ्यात महागात पडणारी गोष्ट शेवटी. काँक्रीटच्या आत सळई वर्षानुवर्षं गंजत नाही, कारण काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं. त्याचा पीएच १२ ते १३ असतो. अशा वातावरणात पोलादावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो.

हे कवच दोन वाटांनी मोडतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून आत शिरतो, काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावतो आणि पीएच नऊच्या आसपास आणतो. दुसरी वाट मिठाची. समुद्राच्या वाऱ्यातले, किंवा न धुतलेल्या खाडीच्या वाळूतले क्लोराइड सळईपर्यंत पोचले की पीएच चांगला असतानाही तो थर ठिकठिकाणी फोडतात. दोन्ही वाटा छिद्रांतूनच जातात. छिद्रं जितकी जास्त आणि जोडलेली, तितका प्रवास वेगाने.

गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा घेतो. काँक्रीटला आतून ढकलतो. आणि काँक्रीट ताणाला कच्चं असतं, हे आपण वर पाहिलंच. आधी सळईच्या रेषेत भेग पडते, मग त्या भेगेतून आणखी पाणी आत जातं, मग छताचा गिलावा आणि काँक्रीटचे तुकडे खाली पडतात आणि तांबूस सळया उघड्या पडतात.

म्हणून सळईवर काँक्रीटचं कव्हर किती, याला एवढं महत्त्व आहे. आयएस ४५६ मध्ये साध्या हवेसाठी किमान २० मिलिमीटर आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेसाठी ४५ मिलिमीटर कव्हर सांगितलं आहे. किनाऱ्यावर काँक्रीटही किमान एम-३० लागतं. सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सरकवला आणि तो घसरला, तर वीस मिलिमीटरचे पाच होतात आणि गंज कित्येक वर्षं आधी दारात येतो.

जुन्या इमारतीतली ही आतली अवस्था बाहेरून तपासता येते. काँक्रीटमधून आवाजाच्या, म्हणजे अल्ट्रासॉनिक, लहरी सोडून त्यांचा वेग मोजतात. वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट उत्तम, तीनच्या खाली आला तर शंकास्पद. लहरींना पोकळी आणि भेगा वळसा घालून जावं लागतं, म्हणून त्यांचा वेग मंदावतो. काँक्रीटच्या ताज्या कापावर फिनॉलफ्थॅलिनचं द्रावण फवारलं, तर निरोगी भाग गुलाबी होतो. जिथे कार्बन डायऑक्साइडने काम केलंय तो भाग रंगहीन राहतो. ३० वर्षांहून जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट मुंबईत कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यात अशाच चाचण्या होतात.

साइटवर उभं राहून काय बघायचं?

इंजिनिअर नसलात तरी एवढं नक्की बघता येतं :

- पाणी बादलीने अंदाजे नव्हे, मापाने पडतंय का? एका गोणीला किती लिटर, हे काम सुरू होण्याआधीच इंजिनिअरला विचारून ठेवा.
- माल घट्ट वाटला तर पाण्याऐवजी काय करायचं, हे आदल्या दिवशी ठरलंय का? ऐन वेळी पाणीच ओतलं जातं.
- सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत का? छज्ज्याची वरची जाळी पायाखाली दबत नाही ना?
- व्हायब्रेटर एकच आहे की दुसरा तयार ठेवलाय? एक बंद पडला तर काम थांबत नाही, हवा आत राहते.
- स्लॅबसाठी काढलेले ठोकळे तपासायला जाणार आहेत का? २८ दिवसांनी येणारा आकडा मागून घ्या.
- पहिले दहा दिवस पाणी मारायची जबाबदारी नेमकी कुणाची? नाव ठरलेलं नसेल, तर ते काम कुणीच करत नाही.
- विटांच्या गाडीतून कुठल्याही चार-पाच विटा उचलून, रात्रंदिवस भिजवून वजन करा.
- जोत्यावर ओल अडवणारा थर पडल्याशिवाय वरची वीट लावू देऊ नका.

यातल्या एकाही गोष्टीला फार पैसे लागत नाहीत. मापाचं पाणी, योग्य जागी सळई, आणि दहा दिवसांची ओल. घर पूर्ण झाल्यावर या तीन गोष्टी कुणालाच दिसत नाहीत. फरशी दिसते, रंग दिसतो, दरवाजाची नक्षी दिसते. पण फरशी आणि रंग पुढे कधीही बदलता येतात. काँक्रीटच्या आत एकदा राहिलेली पोकळी मात्र नंतर बाहेर काढता येत नाही.